गंजानें दाखविलेला कात्रजचा घाट

‘कात्रजचा घाट दाखविणें’ हा वाक्प्रचार आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. १६६३ सालीं लाल महालांत शाइस्तेखानावर छापा घालून शिवाजीमहाराज निघाले, तेव्हां कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूस भलत्याच वाटेला लाविलें, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. उजेड एकीकडे आणि खरा प्रकार दुसरीकडे, हें त्या युक्तीचें मर्म. आम्हांला हा घाट प्रत्यक्ष कात्रजलाच पाहावयास मिळाला. आणि तो दाखविणारा कोणी चतुर सेनानी नसून आमच्याच घरची जुनी मोटार होती. मोटारीचा गंज हा कुटुंबांत वाचण्याचा विषय कसा, असें कोणी विचारील. त्यांना आमची इतकीच विनंती कीं हकीकत पुरी वाचावी. तींत मोटार जितकी आहे तितकेंच घरहि आहे.

आम्ही सदाशिव पेठेंत राहतों. तीन भावांचे संसार एका स्वयंपाकघरावर चालतात. अशा घरांत एखाद्या वस्तूला मालक अनेक आणि वाली कोणीच नाहीं, अशी जी अवस्था होते, ती आमच्या मोटारीच्या वांट्यास आली होती. ही मोटार म्हणजे आमच्या वडिलांनीं १९६४ सालीं घेतलेली स्टँडर्ड हेरल्ड. काकू १९६७ सालीं लग्न होऊन या घरांत आल्या त्या हिच्यांतूनच. आमच्या मुंजी, बहिणींच्या पाठवण्या, बाळंतिणींच्या इस्पितळाच्या फेऱ्या, सारें हिनें केलें. पुढें घरांत नव्या गाड्या आल्या, पण दसऱ्याला झेंडूचा पहिला हार मात्र हिलाच.

ज्यांनीं हेरल्ड पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९५९ सालीं ही गाडी प्रथम निघाली. तिचें रूप मिकेलोत्ती नांवाच्या इटालियन कलावंतानें रेखाटलेलें. १९६१ पासून ती मद्रासजवळ तयार होऊं लागली. इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचें, म्हणजे लहानखुरेंच. पण पुढचें झांकण मडगार्डांसकट पुढल्या बाजूस उलटून उघडे, आणि इतक्या थोड्या जागेंत ती वळे कीं शनिपाराच्या गर्दींतहि तिला फारसें मागें-पुढें करावें लागत नसे. आमच्या गाडीला दोनच दारें. त्यामुळें पुढची बैठक दुमडून मागें शिरण्याची कसरत आमच्या आजींना नऊवारी लुगडें सांवरून करावी लागे, आणि त्या ती तक्रार न करतां करीत. १९६२ सालीं विलायतेंत याच गाडीचा सांगाडा आखूड करून त्यावर स्पिटफायर नांवाची दोन माणसांची खेळकर मोटार उभी करण्यांत आली. धाकट्या बहिणीचे लाड जगभर झाले. थोरलीनें संसार केला.

या गाडीचें मुख्य वैशिष्ट्य तिच्या सांगाड्यांत आहे. आजच्या बहुतेक मोटारी कांसवासारख्या असतात. वरचें कवच हाच त्यांचा सांगाडा. हेरल्ड माणसासारखी आहे. तिचा कणा निराळा आणि वरचें अंग निराळें. जाड पत्र्याच्या दोन लांब पोकळ पेट्या गाडीच्या मध्यभागीं पुढून मागें जातात, हा कणा. त्याला मिस्त्री लोक चासी म्हणतात. कण्यापासून दोन्ही बाजूंस बरगड्यांसारख्या लहान पोकळ पेट्या फुटतात आणि त्यांच्या टोकांवर वरचें अंग बोल्टांनीं बसविलेलें असतें. तें अंगहि एकसंध नाहीं, तुकड्यातुकड्यांनीं जोडलेलें. परदेशीं तुकडे पाठवून तेथें गाडी जोडणें यामुळें सोपें झालें, आणि मद्रासला ती निघूं शकली त्यांतहि या रचनेचा वांटा होता. दारें नीट लागतात तीं या बरगड्या मजबूत असतात म्हणून. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें; पुढें तें उपयोगी पडणार आहे.

तीन वर्षांपूर्वीं आम्हीं गाडीला शहरांतील एका गॅरेजांत रंग देवविला. गॅरेजाचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण दोष आमचाहि तितकाच होता. ‘चकचकीत करून द्या’ यापलीकडे आम्हीं कांहींच सांगितलें नव्हतें. गाडी चकचकीत होऊन आली. गणपतींत शेजारीपाजारी तिच्याजवळ उभे राहून छायाचित्रें काढूं लागले. मुंबईच्या एका शौकिनानें तर चांगली किंमत देऊं केली. आमच्या माना ताठ झाल्या.

याच काळांत घरांत दोन लहानशा गोष्टी घडत होत्या. पहिली अशी कीं गाडीचें डावें दार किंचित् उचलून लावावें लागे. ‘जरा वर उचला आणि मग ओढा’ हा मंत्र घरांतील मुलांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना पाठ झाला होता. दुसरी गोष्ट काकूंची. त्यांची बसण्याची जागा ठरलेली, पुढें डावीकडे. ‘पावसांत माझे पाय ओले होतात रे,’ असें त्या दर पावसाळ्यांत सांगत. आम्ही म्हणत असूं, ‘काकू, पाऊस म्हटला कीं पाय ओले व्हायचेच.’ मग त्यांनीं सांगणें सोडून दिलें आणि पायाखालच्या चटईखालीं वर्तमानपत्राची घडी ठेवावयास सुरुवात केली. घडी भिजली कीं काढावी, दुसरी ठेवावी. आम्ही सर्वांनीं तें रोज पाहिलें आणि कोणींच पाहिलें नाहीं.

गेल्या वर्षीं श्रावणांतल्या एका रविवारीं खेड-शिवापुराकडे जाऊन आम्ही जुन्या कात्रज घाटानें परत येत होतों. एका वळणावर डावें दार अकस्मात् उघडलें. काकू त्याच बाजूस बसलेल्या. गाडी सावकाश होती, आणि मागच्या बैठकीवरून पुतण्यानें त्यांचा खांदा धरला, म्हणून निभावलें. दार सुतळीनें बांधून आम्ही खालीं कात्रजला उतरलों आणि रस्त्याच्या कडेच्या एका लहान कारखान्यापुढें उभे राहिलों. मिस्त्री साठीच्या घरांतले, बेताच्या बोलण्याचे. गाडीच्या रंगाकडे त्यांनीं एकदाहि पाहिलें नाहीं. दार दोनदां उघडून लावलें आणि विचारलें, “हे कवापासनं उचलून लावताय, साहेब?” आम्हीं सांगितलें, “दोन-तीन वर्षें झालीं असतील.” “आन् खालनं पाणी येतंय?” आम्ही ‘नाहीं’ म्हणणार, तोंच मागून काकूंचा आवाज आला, “येतं. पांच वर्षं येतं आहे.”

मिस्त्रींनीं पुढें जी तपासणी केली ती आम्हीं मोठ्या कुतूहलानें पाहिली. ज्यांच्या घरीं जुनें वाहन आहे त्यांना ती माहीत असावी म्हणून येथें देतों. प्रथम त्यांनीं एक लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरविला. वरच्या भागीं तो चिकटे. डाव्या दाराच्या मागें खालच्या बाजूस मात्र गळून पडे. म्हणजे तेथें पत्रा नव्हता; पुट्टीचा थर होता आणि त्यावर आमचा अभिमानाचा रंग. मग त्यांनीं चटई उचलली. वर्तमानपत्राच्या लगद्याखालीं जमिनीचा पत्रा पापुद्र्यापापुद्र्यानें निघत होता. नंतर गाडी जॅकवर घेऊन खालचा चिखल पाण्यानें धुतला आणि लहान हातोडीनें चासी ठोकावयास आरंभ केला. जेथें लोखंड निरोगी तेथें टणत्कार उठे. जेथें आंतून खाल्लेलें तेथें बद्द आवाज येई. अशा जागीं त्यांनीं टोच्या टेकवून दाबला. डावीकडच्या दोन बरगड्यांत तो मुठीपर्यंत शिरला. आमच्यापैकीं कोणी बोललें नाहीं. शेवटीं जॅक कण्याखालीं लावून त्यांनीं गाडी थोडी उचलली, तशी दाराभोंवतालची फट आमच्या डोळ्यांदेखत बदलली. ज्या बरगड्यांनीं काकूंचें आसन आणि दार तोलावयाचें, त्यांचा आधार नांवापुरता उरला होता. ‘वरून कीर्तन, आंतून तमाशा’ ही म्हण आम्हीं आयुष्यांत अनेकांना लावली. ती आपल्याच दारांत अशी उभी राहील असें वाटलें नव्हतें.

कोठें पाहावयाचें हें गाडीगाडीप्रमाणें बदलतें. स्पिटफायरला बाजूच्या बरगड्या काढून टाकल्यामुळें दाराखालच्या पोकळ उंबरठ्यावर भार येतो. तो सडला तर गाडी मधोमध वांकते. हेरल्डचा उंबरठा भाराचा नाहीं. तिच्या बरगड्या आणि डिकीखालचे आधार पाहिले पाहिजेत. प्रत्येक घराची भार वाहणारी भिंत वेगळी असते, तसेंच हें आहे.

गंज हें लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संगतीचें फळ. तो मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यांत शिरला कीं त्यांना फुगवून अलग करतो आणि रंगाखालीं शिरला कीं फोड आणतो. त्यांतहि एक विलक्षण गोष्ट अशी कीं उघड्यावर ओल्या होणाऱ्या व लगेच वाळणाऱ्या लोखंडापेक्षां, चिखलाखालीं किंवा सांध्याच्या फटींत, जेथें प्राणवायु कमी पोंचतो, तेथलें लोखंड अधिक झपाट्यानें खाल्लें जातें. विलायतेंत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तें तिकडच्या गाड्यांचें वैरी. आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस, चाकांनीं उडविलेला चिखल आणि ओल्या गोणपाटावर अंथरलेली रबरी चटई एवढें पुरतें. हेरल्डच्या पोकळ पेट्यांना पाणी बाहेर जाण्यासाठीं लहान भोंकें असतात. आमच्या गाडीचीं तीं भोंकें चिखलानें बुजलीं होतीं, आणि उरलेलीं रंगाऱ्यानें जाड काळ्या रंगानें लिंपून टाकलीं होतीं. पाणी आंत येण्याची वाट कायम आणि बाहेर जाण्याची बंद. मग दुसरें काय होणार?

मिस्त्री हिशेब मांडीत होते तोंवर आम्ही पाय मोकळे करावयास बाहेर पडलों. कात्रजचें तळें तेथून लांब नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं याच तळ्याचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानें पुण्यांत शनिवारवाड्यापर्यंत नेलें. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहे आणि पेठांतील हौद भरत. त्या बांधणाऱ्यांचें शहाणपण असें कीं नळ बंद असला तरी ठरावीक अंतरावर त्यांनीं त्याला उच्छ्वास ठेविले. त्यांतून हवा खेळे, माणूस आंत उतरून पाहूं शके, आणि सांचलेला गाळ काढतां येई. जेथें पाणी वाहावयाचें तेथें आंत डोकावण्याची सोयहि ठेवावयाची, हें त्यांना कळलें होतें. आमच्या मोटारीच्या बंद पेट्या डोळ्यांपुढें आल्या. आणि खरें सांगावयाचें तर घरहि आलें. पांच वर्षें काकू सांगत होत्या. त्यांचें तें सांगणें हाच घराचा उच्छ्वास होता, आणि तो आम्हीं हंसत हंसत बुजविला होता.

घरीं आल्यावर बैठक बसली. पुतणीचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें आणि वरात याच गाडींतून निघावी अशी तिची हौस. मिस्त्रींनीं सांगितलेला खर्च लग्नाच्या वर्षीं जड वाटावा असा. धाकटे बंधु म्हणाले, “मुंबईच्या गृहस्थांना फोन करावा. रंग चांगला आहे तोंवरच किंमत येईल. आपण खोटें कांहींच सांगणार नाहीं. त्यांनीं विचारलें नाहीं तर आपण होऊन बोलणार नाहीं, इतकेंच.” दादा गप्प राहिले. आम्हांलाहि हा मार्ग क्षणभर सोयीचा वाटला, हें येथें कबूल केलें पाहिजे. शिकलेल्या माणसाला अप्रामाणिकपणा नको असतो. परंतु न बोलण्याला तो अप्रामाणिकपणा म्हणत नाहीं.

काकू देवघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्या हातांतलें काम न थांबवितां म्हणाल्या, “त्या जागेवर आपल्या मुलीला बसवायचं नाहीं, हें ठरलं ना? मग तीच जागा रंगवून दुसऱ्याच्या मुलीला कशी विकतां?”

त्यावर चर्चा उरली नाहीं. दादांनीं दुसऱ्या दिवशीं मुंबईला फोन करून गाडी विकावयाची नाहीं, आणि कां विकावयाची नाहीं, हें दोन्ही सांगितलें. खर्च तिन्ही भावांत सारखा वांटला. मांडवाची रोषणाई थोडी कमी झाली. तिची आठवण कोणालाहि झाली नाहीं.

दुरुस्तीला सहा आठवडे लागले. दर शनिवारीं आम्ही कात्रजला जात असूं. आम्हांला वाटे, सडलें तें कापावें आणि नवें जोडावें, झालें. मिस्त्री म्हणाले, “आधीं आधार, मग करवत.” गाडी सपाट जमिनीवर पक्क्या घोड्यांवर घेतली. बॅटरी सोडविली, डिकींतील पेट्रोलची टाकी काढून दूर ठेविली, कारण वेल्डिंगच्या ठिणगीला दया नसते. मग चासीच्या एका कोंपऱ्यापासून समोरच्या कोंपऱ्यापर्यंत फीत धरून दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे असतील तर सांगाडा सरळ. आमच्यांत थोडा फरक होता, तो हळूहळू काढला. दाराच्या चौकटीला आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती जोडली, म्हणजे खालचा आधार कापला तरी चौकट मिटणार नाहीं. एका वेळीं एकच बरगडी काढावयाची. ती बसल्याशिवाय दुसरीला हात लावावयाचा नाहीं. सगळा रोग एकदम कापावयास गेलें तर रोगी सरळ राहत नाहीं, हें त्यांनीं आम्हांला दोनदां बजावलें.

कापतांना ते निरोगी, चकाकणारें लोखंड लागेपर्यंत मागें जात. हातभर जागा बिघडली असें वाटावें आणि कापणें दीड हातापर्यंत जावें. एका शनिवारीं आम्हीं विचारलें, “एवढ्यावर वरून पट्टी मारली तर?” मिस्त्री म्हणाले, “कुजक्या लाकडावर खिळा बसंल का, साहेब?” गंजावर डाग धरत नाहीं, धरला असें दिसलें तरी तो पुट्टीसारखाच कात्रजचा घाट. नव्या बरगड्या मूळ मापाच्याच, तितक्याच जाड पत्र्याच्या केल्या. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं जे नियम केले त्यांतहि चासी व मूळ अंगांत फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणजे दुरुस्ती करावयाची ती मुळासारखीच. वेल्डिंगहि सलग ओढलें नाहीं. बोटभर येथें, बोटभर दुसऱ्या टोकाला, मध्यें निवूं द्यावयाचें. नाहीं तर उष्णतेनें पत्रा पिळतो. शेवटचे टांके घालण्यापूर्वीं दार लावून पाहिलें. तें आपल्या भारानें, हलक्या आवाजांत लागलें. कोणींतरी संवयीनें तें उचलावयास हात पुढें केला होता. तो तसाच राहिला.

शेवटचें काम आम्हांला सर्वांत महत्त्वाचें वाटलें. प्रत्येक पोकळ पेटीच्या तळाचीं बुजलेलीं भोंकें तारेनें मोकळीं केलीं, नव्या पेट्यांना तशींच पाडलीं, आणि बाहेरून रेड ऑक्साइड दिल्यावर आंतून पातळ मेणाचें तेल फवारलें. पुढची कांच व तिच्याखालचा सांधा यांतून पाणी झिरपून काकूंच्या पायाशीं येत होतें. तें रबर बदललें. मूळ झरा बंद केल्यावांचून नुसती जमीन बदलणें म्हणजे पुढच्या पांच वर्षांचा गंज विकत घेणें. मिस्त्रींनीं सांगितलें कीं दर पावसाळ्यानंतर खालची बाजू धुवावी, भोंकांत तार घालून पाहावी, आणि चटई उचलून उन्हांत टाकावी. एवढें केलें तर पुन्हा टोच्या लागणार नाहीं.

लग्नापूर्वीं दोन दिवस गाडी घरीं आली. डाव्या बाजूस खालीं नवा पत्रा बसविला होता. त्याला रंग देण्यास वेळ उरला नव्हता, म्हणून तेवढा पट्टा तांबडाच राहिला. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं तो फुलांच्या माळांनीं झांकला असता. या वेळीं कोणी झांकला नाहीं, आणि कोणी विचारलें तर आम्ही थोड्या अभिमानानेंच सांगत असूं. पुतणी काकूंच्या जागेवर बसली. वरात समाधानानें निघाली.

असो. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच घरीं जुनी मोटार असेल, पण उचलून लावावें लागणारें दार बहुतेक घरांत असतें. तें तसें लावण्याची संवय लागते, मुलांना शिकविली जाते, आणि कालांतरानें ती रीत ठरते. ज्याला त्याच्याजवळ बसावें लागतें तें माणूस मात्र जाणत असतें. त्याला एकदां विचारावें, आणि उत्तर आल्यावर चटई उचलून पाहावें, इतकेंच आम्ही कात्रजहून शिकून आलों.

यंदाचा पाऊस चांगला झाला. काकू अजूनहि चटईखालीं वर्तमानपत्राची घडी ठेवतात. आतां ती पाणी टिपण्यासाठीं नव्हे, पाणी आलें कीं काय हें पाहण्यासाठीं. नवरात्राच्या आदल्या दिवशीं त्यांनीं ती सर्वांसमोर काढून उलगडली. घडी कोरडी होती. ज्येष्ठांतली बातमी अजून स्वच्छ वाचतां येत होती.